मानेवरचे व्रण

फार जुन्या काळी एका माळरानावर कायदा होता, की दुसऱ्याला दातांत धरून पळवणाऱ्याला हद्दपार करावे. म्हणून न्यायाधीश कासवआजोबा आधी मानेवरचे व्रण तपासत.

एकदा उंदरीण रडत आली. "आजोबा, पोटभर ज्वारी देतो सांगून खोकडानं माझी पोर नेली. आता बिळं खणायला कोंडून ठेवलीय!"

खोकड पोरीला घेऊन ऐटीत हजर झाला. "मान बघा की! एक ओरखडा नाही. स्वतःच्या पायांनी आलीय ती."

कासवाने मान तीनदा तपासली. व्रण नव्हताच. कायदा त्यानेच लिहिलेला, त्यामुळे आपलेच चुकले की काय, या धास्तीने त्याचे डोके निम्मे कवचात गेले. मग चाचरत तो म्हणाला, "पोरी, तशीच स्वतःच्या पायांनी आईकडे जा बघू."

पोर निघाली, तोच खोकड आडवा आला. "अशी कशी जाईल? खणणार कोण?"

"पाय तिचे, मग वाट तुझी कशी रे?" जमलेल्यांतला तित्तिर ओरडला, आणि सारे माळरान हसले.

"नेलं कसं, एवढंच मी विचारत आलो," कासव पुटपुटला. "परत जाऊ देतोस का, हेही विचारायला हवं. लिहा रे कायद्यात! आणि खोकडाला हद्दपार करा."

कायदा लिहून होईपर्यंत मायलेकी घराकडे पळतही सुटल्या होत्या.