वैऱ्याच्या हातचं पाणी

शुद्धलेखनाच्या चुका आणि साधे शब्द वाचणाऱ्यांनी पोटात घालावेत; लिहिणाऱ्याची शाळा सातवीतच सुटली. रखमाजी गुरव पाहुण्यांना सांगतात, तसंच इथे उतरवलं आहे.

कुसरोंडी गावाच्या मधोमध तळं आहे. एका काठाला वरवाडी, दुसऱ्या काठाला खालवाडी. सुट्टीत गाड्या भरून पाहुणे येतात, देऊळ बघतात, धबधब्याखाली भिजतात आणि मग तळ्यावर येतात. इथे कुणी आपल्या हाताने पाणी घेत नाही. गावकऱ्याला समोरच्या वाडीचा माणूस ओततो, पाहुण्याला कोणीही. पण शिवी दिल्याशिवाय नाही. मागे एक पाहुणा तापला, तेव्हा रखमाजी म्हणाले, "साहेब, आधी गोष्ट ऐका, मग खुशाल रागवा."

असे सांगतात, की फार पूर्वी देवीच्या पहिल्या घागरीच्या मानावरून दोन्ही वाड्यांचं बिनसलं. ऐन चैत्रात डोकी फुटली. वरवाडीने देवळात भंडारा उचलून शपथ घेतली: खालवाडीचा जो कोणी तळ्यातून पाणी नेईल, त्याचा हात तोडू. हे कळताच खालवाडीनेही भंडारा उचलला आणि वरवाडीविरुद्ध तीच शपथ घेतली. रागाच्या भरात कुणाच्या ध्यानात आलं नाही, की आता पाणी कुणालाच नाही. आणि देवीपुढे घेतलेली शपथ मागे घेता येत नाही.

दोन्ही काठांवर कोयते घेऊन पहारे बसले. विहिरी आटल्या होत्या. गुरं पाण्याकडे बघून हंबरायची, माणसं एकमेकांकडे बघून थुंकायची.

भिवरा वरवाडीची लेक, खालवाडीची सून. सासरी तिला सगळे 'वैऱ्याची' म्हणूनच हाक मारत. तिच्या तान्ह्या मुलीला ताप भरला. ओठ फुटले, रडायलाही आवाज उरला नाही. "मी पाण्यात उतरते," भिवरा म्हणाली.

तिचा नवरा बाबजी पहाऱ्यावर होता. "उतर की. समोर तुझाच भाऊ बसलाय कोयता घेऊन. बघू, माहेर किती कामाला येतं."

पोरीला कडेवर आणि घागर हातात घेऊन ती दोन्ही काठ जोडणाऱ्या बांधावर गेली. पलीकडून भाऊ सिदू उठून आला.

"आबा कसे आहेत?" तिने विचारलं.

"तुझ्या सासरच्यांच्या कृपेने घसा सुकून मरायला टेकलेत."

भिवरा म्हणाली, "हात तोडायचाय तो पाणी नेणाऱ्याचा. तू भर, पण नेऊ नकोस. माझ्या घागरीत ओत. मी भरते, ते तुझ्या घागरीत. आपण तळ्यातून काही नेलं नाही, वैऱ्याच्या हातून घेतलं."

सिदूने आपल्या काठावरची रिकामी घागर आणून बुडवली, तसा बाबजीने कोयता उगारला. भिवरा मध्ये उभी राहिली. "त्याने घागर घेऊन एक पाऊल जरी टाकलं, तर तोडा."

मागून सिदूचीच माणसं ओरडली, "बहिणीपुढे वाकला रे!" तेव्हा त्यांना ऐकू जावं म्हणून सिदू गरजला, "घे गं अवदसे! तुझी सासरची वाडी बुडो!" आणि त्याने पाणी ओतलं. एक थेंबही बाहेर सांडला नाही, म्हणे.

तिनेही त्याची घागर भरली. "ने रे मेल्या, तुझ्या कोयत्याला गंज चढो!"

पोर वाचली. आबा मात्र वाचले नाहीत, आणि खालवाडीने भिवराला बापाच्या अंत्यदर्शनालाही जाऊ दिलं नाही. पुढे ती भावंडं मरेपर्यंत एकमेकांशी बोलली, ती फक्त बांधावर, आणि तेही शिव्यांतून.

आजही दोन्ही वाड्यांत सोयरीक होत नाही. आता पाहुण्यांवरून भांडणं होतात. पण तळ्यावर पाणी ओतायची पाळी कुणी चुकवत नाही.

हे लिहून झालं, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी लिहिणाऱ्याची पहिलीच पाळी होती. समोर उभा राहिला वरवाडीचा दगडू शेळके. याच दगडूने आठवड्यापूर्वी लिहिणाऱ्याच्या घरची 'जेवणाची सोय' ही पाटी उपटून ओढ्यात फेकली होती. तरी लिहिणाऱ्याच्या तोंडून शिवी फुटेना. दगडू ताटकळला.

"अरे, घरी म्हातारी तहानेली बसलीय. दे की लवकर!"

लिहिणाऱ्याने मान वर केली, एक शिवी हासडली, अगदी मनापासून, आणि त्याची घागर काठोकाठ भरली.