मुठीतला फायदा

"फायदा दाखवा! फायदा!" सोनघळचे अजेयराजे सिंहासनावर मूठ आपटत ओरडले. "ओढा साफ केलात, भिंत रंगवलीत, झाडं लावलीत. बरं! पण त्यातून झालं काय? तो फायदा असा माझ्या मुठीत आणून ठेवा. नाहीतर भिंत पाडतो आणि ओढा होता तसा करून टाकतो!"

ही आग लावली होती कारभारी दाजीपंतांनी. का, ते सांगायला दरबारात कुणी धजत नव्हतं. मी सांगतो, मला कोण विचारतंय!

राजवाड्यामागचा तो ओढा म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांचा उकिरडा. हत्तीखान्याची लीद तिथे, मुदपाकखान्याचं खरकटं तिथे. आणि त्याला लागूनच रंगारी आळीची घरं. शेवटी ठकू नावाच्या एका रंगाऱ्याच्या पोरीने पदर खोचला, सगळ्या आळीला हाताशी धरलं आणि ओढा उपसून काढला. काठाने करंज नि कण्हेर लावली. मग ओढ्याकाठच्या लांबलचक भिंतीवर आळीतल्या बायाबाप्यांनी मोर काढले, वाघ काढले, माकडं काढली. एक रेडाही काढला. आता तो रेडा हुबेहूब दाजीपंतांसारखा निघाला, अगदी मिशांसकट, त्याला काढणारी म्हातारी तरी काय करणार? बिचारीला दिसतच कमी!

राजांनी आधी दरबारचे विद्वान पाठवले होते फायदा मोजायला. एकाने दोरी लावून पाहिली आणि "भिंत लांब आहे" असा निकाल दिला. दुसऱ्याने कण्हेरीची फुलं ताजव्यात तोलली, तेवढ्यात वारा आला. वैद्यराज म्हणाले, आळीतली पोरं हल्ली आजारी पडत नाहीत, पण हा फायदा की तोटा ते काही त्यांना सांगता येईना. त्यांचं गिऱ्हाईक तुटलं होतं ना!

शेवटी ठकूलाच बोलावणं गेलं.

"तूच ना यांची पुढारीण?" राजे गुरगुरले. "दे फायदा!"

"देते की महाराज! पण इथे नाही, उद्या सकाळी भिंतीपाशी. मूठ मात्र महाराजांनी आपली आपण आणायची."

"नाही दिलास, तर भिंतीवरचा सगळा रंग जिभेने चाटून काढायला लावीन!"

"चालेल. वाघ हळदीने रंगवलाय, तिथून सुरुवात करते. घसा तरी सुटेल!"

ठकू घरी आली. आई चुलीपाशी डोळे पुसत बसली होती. "ठके, आता कुठे चार घास सुखाने जातायत गं. पुन्हा त्या वासात जेवायचं का आपण?"

"नाही जेवायचं," ठकू म्हणाली आणि एक मोठं मडकं उचलून बाहेर पडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं गाव ओढ्यावर लोटलं. राजे पालखीतून उतरले. करंजाच्या सावलीत त्यांना जरा बरं वाटलं, पण तसं दाखवतील तर ते राजे कसले! दाजीपंत रेड्याकडे पाठ करून उभे राहिले, तर लोकांना दोन्ही तोंडं एकदमच दिसू लागली. पोरं खिदळली.

ठकूने राजांपुढे ते मडकं ठेवलं. त्याच्या तोंडावरचं झाकण चिखलाने लिंपलेलं होतं.

"यात फायदा आहे?" राजांनी विचारलं.

"यात फायदा कुठला महाराज! फायदा तुमच्या मुठीत यायचाय," असं म्हणत तिने झाकण काढलं.

अरे देवा! काय तो वास! पालखीचे भोई पळाले. विद्वान एकमेकांच्या उपरण्यात तोंड लपवू लागले. आणि राजांनी झटकन उजव्या हाताने...

"महाराज, मुठीत काय आलं?" ठकूने विचारलं.

"दाक!" राजे ओरडले. "बाझं दाक! बंद कर ते आधी!"

ठकूने झाकण लावलं. वारा आला, वास निघून गेला. राजांनी हात खाली घेतला आणि मोठ्ठा श्वास ओढला.

"आता मुठीत काय आहे महाराज?"

राजांनी मूठ उघडून पाहिली. "काही नाही."

"हाच तो फायदा! तुमचे आजोबा या ओढ्यावरून नाक मुठीत धरून गेले. वडील नाक मुठीत धरून गेले. महाराज स्वतः अजेय! कुठल्या शत्रूपुढे मान खाली घातली नाही, पण या उकिरड्यापुढे रोज नाक मुठीत! आज ती मूठ आम्ही सोडवली. पुन्हा धरायची असेल तर पाडा भिंत!"

राजांचे गाल थरथरले, मिशा हलल्या, आणि ते असे काही हसत सुटले की पोट धरून तिथेच खाली बसले.

"पण पोरी, हे रत्न आणलंस कुठून?"

"हत्तीखान्यामागून. भिंत पडली की ओढ्यात ओतायला कारभारीसाहेबांनी ढीग साठवून ठेवलाय!"

"असं?" राजांनी दाजीपंतांकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या रेड्याकडे, मग पुन्हा दाजीपंतांकडे. "तो ढीग कारभाऱ्यांनी स्वतः उचलून शेतात टाकायचा. आणि ओढ्यात कुणी काडी जरी टाकली, तर गाठ माझ्याशी आहे! ठकू, तुला काय देऊ? माग!"

"काही नको महाराज. कारभारीसाहेबांच्या दारासमोरची भिंत अजून कोरी आहे, आणि रेडा काढणाऱ्या आजीकडे रंग उरलाय..."

"दिली!" राजे डोळे पुसत म्हणाले. "आणि म्हाताऱ्या आजीला सांग, या खेपेला रेडा मोठा काढ!"