सईबोडीचं वळण

कोसंबटोल्याच्या पूर्वेला एक बोडी आहे. झाडीपट्टीत लहान तलावाला बोडी म्हणतात. दोन टेकड्यांच्या मधल्या खोलगटात ती पसरलेली आहे, आणि तिची मातीची पाळ पाहिली की आधी हसूच येतं. पश्चिमेच्या टेकडीकडून पाळ सरळ येते, मध्यावर पोचते आणि एकदम काटकोनात वळते. वीसेक पावलं आडवी जाते, परत वळते आणि मग पूर्वेच्या टेकडीला जाऊन मिळते. आसपासच्या साऱ्या बोड्यांच्या पाळी सुतात आहेत. ही एकच अशी, चालता चालता काहीतरी आठवून थबकल्यासारखी.

आम्ही चौघी मैत्रिणी गेल्या वैशाखात तिथे गेलो होतो. कॉलेज संपून सगळ्या चार दिशांना गेलो; वर्षातून एकदा कुठेतरी भेटायचं, एवढं मात्र अजून टिकून आहे. वळणापाशी पैकूआजा बसले होते. चाळीस वर्षं त्यांनी या बोडीचं पाणी शेतांना वाटलं आहे. पाळ अशी वाकडी का, असं विचारताच त्यांनी आम्हाला खाली बसायची खूण केली. मला थोडी धास्तीच वाटली. तलावाची जुनी गोष्ट म्हटली की पाळीत कुणीतरी गाडलेलं असतं, बहुतेक कुणाची तरी सून. मी बसण्याआधी खालची माती नीट पाहून घेतली. ते आजांच्या लक्षात आलं असावं.

"बस व माय," ते म्हणाले, "इथं कोणी नाही गाडलं. गाडायला निघाले होते, पण ते माणूस नव्हतं."

मग त्यांनी सांगितलं ते असं.

फार पूर्वी, आजांच्या आजाच्याही आधी, इथे दोन वस्त्या होत्या. पश्चिमेला मोठा टोला, पूर्वेला धाकटा टोला, आणि मध्ये हा खोलगट. दोन्ही टोल्यांचं फारसं पटत नव्हतं. मोठा टोला म्हणायचा, धाकट्यांना काम नको. धाकटा टोला म्हणायचा, मोठ्यांना तोंड फार. मात्र एकाच माहेरगावच्या दोन मुली या दोन टोल्यांत सुना म्हणून आल्या होत्या. मोठ्या टोल्यातली दुर्पता आणि धाकट्या टोल्यातली सकवार. लहानपणीच त्यांनी देवापुढे एकमेकींना तांदूळ लावून सई केलं होतं. सई केली की नाव सुटतं, असं सांगतात. मग जन्मभर एकमेकीला नावानं हाक मारायची नाही, 'सई' म्हणायचं. लोकांसमोर नाव घेतलं की नातं तुटलं. त्या दोघींनी चाळीस वर्षांत कधी नाव घेतलं नव्हतं. केस पांढरे झाले, गुडघे कुरकुरू लागले, तरी नाही.

लागोपाठ तीन वर्षं पावसानं दगा दिला. भाताची रोपं शेतातल्या बांध्यांतच करपली. तेव्हा पाटलानं दोन्ही टोल्यांना एकत्र बसवून ठरवलं की खोलगटात पाळ घालायची. मोठ्या टोल्यानं आपल्या टेकडीपासून सुरुवात करायची, धाकट्यानं आपल्या. दोघांनी मध्यावर भेटायचं. माघ महिन्यात कुदळ पडली.

आठशे पावलांची पाळ. एवढी लांब दोरी कुणाकडे असणार? म्हणून प्रत्येक टेकडीवर बांबू रोवून त्याला फडकं बांधलं. समोरच्या फडक्यावर नजर धरायची आणि त्या दिशेनं रेघ मारायची, अशी रीत. पण तिसऱ्याच दिवशी माकडांनी फडकी पळवली. नवी बांधली, तीही गेली. एक माकड म्हणे पाटलाच्या घराच्या छपरावर ते फडकं डोक्याला गुंडाळून बसलं होतं, आणि पाटलाच्या बायकोनं त्याला आधी रामराम घातला.

तेव्हा दुर्पता म्हणाली, "आम्ही उभ्या राहतो. आमची लुगडी तं माकडं नेणार नाहीत."

ठरलं. रोज सकाळी इकडे दुर्पता आणि तिकडे सकवार, दोघी आपापल्या टेकडीच्या पायथ्याशी लाल लुगडं नेसून हात वर करून उभ्या राहायच्या. बिसन नावाचा रेघ मारणारा जाणता माणूस होता. तो एका बाजूनं सकवारवर नजर धरून मोठ्या टोल्याची दिवसाची रेघ मारायचा, दुसऱ्या बाजूनं दुर्पतावर नजर धरून धाकट्याची. दोघींना ते कामासारखं वाटतच नव्हतं. संसाराच्या ओढाताणीत महिना महिना भेट होत नसे. आता रोज सकाळी, लांबून का होईना, सई दिसत होती. हात खाली घ्यायला बिसनला दोनदा ओरडावं लागे.

मध्यावर, ऐन रेषेत, मोहाचं एक झाड होतं. मोहफुलं वेचून होईपर्यंत आणि पाळ तिथवर पोचेपर्यंत त्याला हात लावायचा नाही, असं पंचांनी ठरवलं होतं. फाल्गुनात झाड निष्पर्ण होतं, तोवर ठीक होतं. चैत्रात फुलं सरली आणि पालवी फुटली. एका सकाळी दुर्पताला सई नीट दिसेना. तांबूस पानांआड लुगड्याचा नुसता तुकडा दिसत होता. ती आपल्या उजव्या हाताला दोन पावलं सरकली. पण त्याच सकाळी पलीकडे सकवारलाही दिसेना, म्हणून तीही आपल्या उजव्या हाताला दोन पावलं सरकली. समोरासमोर उभ्या असलेल्या दोघी उजवीकडे सरकल्या, म्हणजे एक दक्षिणेला गेली आणि एक उत्तरेला. झाड पुन्हा मध्येच. दुसऱ्या दिवशी आणखी दोन पावलं. तिसऱ्या दिवशी आणखी. पाळीची रेघ रोज त्या दोघींवरून निघत होती, त्यामुळे कुणाला काही कळलं नाही. हात वर होता, लुगडं लाल होतं. बिसनला तेवढंच हवं होतं.

वैशाखाच्या अखेरीस मोह तोडला. दोन्ही पाळी मध्यावर आल्या आणि शेजारून निघून गेल्या. मध्ये वीस पावलांचं अंतर.

इथे आजा थांबले, कारण आम्ही हसत होतो. तेही हसले. मग म्हणाले, "तेव्हा कोणी हसलं नाही, पोरीहो. आभाळात ढग यायला पंधरा दिवस होते."

चार महिन्यांची मेहनत होती ती. बायकांच्या डोक्याचे केस टोपल्यांनी झडले होते. धाकटा टोला म्हणाला, मोठ्यांनी मुद्दाम केलं. मोठा टोला म्हणाला, धाकट्यांना सरळ रेघ कळते कधी? मारुतीच्या पारावर पंचायत बसली. बिसननं जमिनीवरच्या पायखुणा पाहिल्या होत्या, त्यानं सांगितलं की बाया सरकल्या. पाटलानं निवाडा दिला, जी पहिली सरकली तिच्या टोल्यानं आपली अर्धी पाळ फोडून पुन्हा घालावी.

"कोण सरकली पहिले?"

"म्या," दुर्पता म्हणाली.

"खोटी बोलते, पाटील," सकवार म्हणाली. "म्या सरकली. हिला तं माझ्याशिवाय काही सुचत नाही, ही काय सरकते?"

"अवं, तुझे गुडघे. तू दोन पावलं टाकायला दोन दिवस लावते."

"माझ्या गुडघ्यांचं पंचायतीत कशाला काढते?"

लोकांना हसू यायच्या ऐवजी राग आला. पाटील तर उठूनच उभा राहिला. म्हणाला, या सईपणानंच गाव बुडवलं. आता मारुतीसमोर एकमेकीचं नाव घ्या आणि मोकळ्या व्हा. ज्यानं पाळ वाकवली ते नातं मिटलं की दोन्ही टोले राग सोडतील आणि मिळून पाळ सरळ करतील. नाही घेतलं, तर उद्यापासून कुदळ बंद.

दोघींना कळत होतं, एका शब्दाचा प्रश्न आहे. तो उच्चारला तर लेकरांना पाणी आहे. नाही उच्चारला तर चौथं वर्षही कोरडं. दुर्पतानं तोंड उघडलं. सकवार तिच्याकडे पाहत राहिली. आणि दुर्पता म्हणाली, "आठ दिवस द्या, पाटील. दोन टोकं आहेत नं? ती आम्ही जोडतो. नवव्या दिवशी जोडलेली दिसली नाहीत, तं तुम्ही म्हणाल तिथं नाव घेतो."

दोन म्हाताऱ्या आणि वीस पावलांची, दोन पुरुष उंचीची दरी. पाटलानं हो म्हटलं, कारण आठ दिवसांत काय होणार ते त्याला दिसतच होतं.

पहिल्या दिवशी संध्याकाळपर्यंत जेमतेम बैलगाडीभर माती पडली. एक भरायची, दुसरीच्या डोक्यावर टोपली चढवायची. ती टाकून आली की दुसरी भरायची. दुसऱ्या दिवशी लोक दोन्ही पाळींवर बसून पाहू लागले. कुणी ओरडलं, "आजीबाई, नातवंडांच्या लग्नापर्यंत होईल!" सकवार खालून म्हणाली, "तुझं होईल का तोवर, ते पाह आधी!" तिसऱ्या दिवशी दुर्पताला चक्कर आली. सकवारनं तिला सावलीत बसवलं आणि भरलेल्या टोपलीशी जाऊन उभी राहिली. टोपली चढवायला कुणी नव्हतं. तिनं दोनदा उचलून पाहिली, दोनदा ठेवली.

तेव्हा सकवारची नवी सून पाळीवरून खाली उतरली. वर्षही झालं नव्हतं लग्नाला. अजून गावात मान वर करून बोलत नव्हती. तिनं टोपलीला हात लावला. "आत्याबाई, माझ्या माहेरीही माझी सई आहे," एवढंच म्हणाली.

तिच्यामागून बिसन आला. पारावर बायांकडे बोट दाखवल्यापासून त्याला घास गोड लागत नव्हता म्हणे. "रेघ तं म्या मारली," तो म्हणाला. "डोळे माझे होते." मग बिसनची बायको आली. मग एकेक करून दोन्ही टोले. जागा एवढीशी, माणसं इतकी, की ये-जा करता येईना. म्हणून ओळ धरून उभे राहिले आणि टोपली हातोहात द्यायला लागले. एक मोठ्या टोल्याचा, एक धाकट्या टोल्याचा, जागा मिळेल तसे. आठव्या दिवशी पाटील आला तेव्हा एकही टोपली शिल्लक नव्हती. त्यानं पागोटं सोडलं आणि त्यात माती आणली.

नवव्या दिवशी मारुतीसमोर कुणी कुणाचं नाव घेतलं नाही.

त्या वर्षी बोडी भरली. पुढे कितीतरी वर्षांनी मोठा पूर आला, पंचक्रोशीतल्या सरळ पाळी फुटल्या, ही फुटली नाही. वळणावर पाणी आलं, वळलं आणि शांत झालं, असं म्हणतात. आजांना मी विचारलं, खरंच वळणामुळे वाचली? त्यांनी खांदे उडवले. म्हणाले, "मध्यंतरी एक साहेब मोजून गेला. त्यालाही सांगता नाही आलं. आम्ही म्हणतो, तिथं दोन्ही टोल्यांची माती सगळ्यात जास्त तुडवली गेली."

दोघी म्हाताऱ्या पुढे दर अक्षय तृतीयेला बोडीत पाणी उतरलं की तळातल्या गाळाची एक टोपली वळणावर टाकायच्या. कशासाठी, असं विचारलं तर म्हणायच्या, गावाचे उपकार आहेत. मग एक वर्ष दुर्पता राहिली नाही. त्या तृतीयेला सकवार एकटीच आली. टोपली भरली आणि तिच्याजवळ बसून राहिली. आधीच्या वर्षांत कुणी त्या टोपलीला हात लावत नसे, कारण ती दोघींची होती. लोक लांब उभे होते. ऊन चढत गेलं. शेवटी तिनंच मान वर केली आणि म्हणाली, "पाहता काय? तेव्हा बोलावलं होतं का तुम्हाला?"

आणि अख्खा गाव खाली उतरला.

आजही अक्षय तृतीयेला सईबोडीवर जोड्या येतात. बायका येतात, पुरुषही येतात, आणि त्या दिवशी कुणी मित्राला नावानं हाक मारत नाही. एकानं भरायची, दुसऱ्यानं चढवायची. ज्याचा जोडीदार गेला असेल, त्याच्या टोपलीला सगळे हात लावतात. आम्ही गेलो तो योगायोगानं तोच दिवस होता. आजांची गोष्ट संपता संपता खालून एकदम कल्ला झाला आणि मी दचकून उठले. यशोदीआजी म्हणून कुणी होत्या, पहिल्यांदाच एकट्या आल्या होत्या. त्यांच्या टोपलीसाठी ओळ लागत होती. आम्ही बाजूला सरकलो, तर एका बाईनं आम्हाला दंडाला धरून ओळीत उभं केलं. आम्ही चौघी एकीशेजारी एक. टोपली आली, मला वाटलं होतं त्यापेक्षा खूप जड. मी दोन्ही हातांनी धरली, पुढे दिली. पलीकडच्या टोकाला यशोदीआजी डोक्यावर चुंबळ ठेवून उभ्या होत्या. पन्नास-साठ हातांमधून हेलकावत टोपली त्यांच्यापर्यंत पोचली आणि ओला गाळ त्यांच्या कपाळावरून ओघळला.

"अवं, हळू!" त्या ओरडल्या. रडत होत्या आणि हसतही होत्या. "ती एकटी चढवायची तेव्हा एक ढेकूळ सांडत नव्हतं!"