चिमी खेकडीचा दगड

तेव्हा मोटारी दमायच्या. हो, दमायच्या! घाट चढताना धापा टाकायच्या. मग झऱ्यापाशी थांबायच्या. पाणी प्यायच्या. माणसंही उतरायची, दशम्या सोडायची, गप्पा मारायची. घाई कुणालाच नव्हती.

त्या झऱ्यापाशी होता एक दगड. दगडाखाली होतं एक भोक. भोकात राहायची चिमी खेकडी. बोटाच्या पेराएवढी. बास, एवढीच!

एक दिवस आली एक निळी मोटार. जुनी. दारं खडखड, काचा खडखड. घर्र घर्र, घर्र घर्र... फुस्स! तोंडातून वाफच वाफ.

"अगं, गाडी मागं घसरेल!" आतून शिरपतकाका ओरडले. "चाकाला दगड लाव, दगड!"

रंभाकाकू टुण्णकन उतरल्या. समोर दिसला तो दगड उचलला. धप्! मागच्या चाकाखाली ठेवला.

कुणाला विचारलं? कुणालाच नाही!

चिमी राहिली उघडी. वर ऊन. उन्हात घार. घार फिरते घिर्र घिर्र.

"अगं आई गं! माझं घर!"

काका उतरले. मोटारीच्या पाण्याचं झाकण उघडायला गेले.

"हात लावाल तर बघा!" काकू म्हणाल्या. "वाफेनं तोंड भाजेल. निवू द्या आधी."

"सकाळपासून तीनदा पाणी ओतलं. तरी उकळतेच!"

"मग दुखणं पाण्याचं नाही. दुसरंच काहीतरी आहे. बसा जांभळीखाली, दशमी खा."

दोघं बसले खात. काका खाता खाता पेंगले.

चिमी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु, आडवी आडवी. गेली दगडाकडे.

"दगडा दगडा, घरी ये ना!
दगड येईना,
मला घर मिळेना."

दगड म्हणाला, "मी नाही येत जा! चाक बसलंय माझ्यावर. आधी चाकाला हलव."

चिमी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु, आडवी आडवी. गेली चाकाकडे.

"चाका चाका, हल ना!
चाक हलेना,
दगड येईना,
मला घर मिळेना."

चाक म्हणालं, "मी नाही हलत जा! इंजिन गप्प बसलंय. आधी इंजिनाला फिरव."

चिमी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु, आडवी आडवी. गेली इंजिनाकडे.

"इंजिना इंजिना, फीर ना!
इंजिन फिरेना,
चाक हलेना,
दगड येईना,
मला घर मिळेना."

इंजिन म्हणालं, "हुश्श! मी नाही फिरत जा! अंगाची लाही झाली. पाणी मला गार करतं, पण पाणीच तापलंय. आधी पाण्याला निवव."

मोटारीच्या तोंडाशी असते जाळी. जाळीत नळ्या. नळ्यांत पाणी. चिमी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु, आडवी आडवी. गेली पाण्याकडे.

"पाण्या पाण्या, निव ना!
पाणी निवेना,
इंजिन फिरेना,
चाक हलेना,
दगड येईना,
मला घर मिळेना."

पाणी म्हणालं, "गुडगुड गुडगुड! मी नाही निवत जा! वारा लागला तर निवेन ना! आधी वाऱ्याला आत घाल."

वर घार. घिर्र घिर्र. जरा खाली आली बरं का!

चिमी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु, आडवी आडवी. गेली वाऱ्याकडे. वारा जाळीपुढंच उभा.

"वाऱ्या वाऱ्या, शीर ना!
वारा शिरेना,
पाणी निवेना,
इंजिन फिरेना,
चाक हलेना,
दगड येईना,
मला घर मिळेना."

वारा म्हणाला, "सूं सूं! मी नाही शिरत जा! शिरू कुठून? जाळीत कुसळं अडकलीत. आधी कुसळांना काढ."

कुसळं म्हणजे गवताची टोकं. फ्रॉकला चिकटतात, टोचतात, तीच! जाळीत गच्च बसली होती. चिमी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु, आडवी आडवी. गेली कुसळांकडे.

"कुसळांनो कुसळांनो, निघा ना!
कुसळं निघेनात,
वारा शिरेना,
पाणी निवेना,
इंजिन फिरेना,
चाक हलेना,
दगड येईना,
मला घर मिळेना."

कुसळं म्हणाली, "आम्ही नाही निघत जा! आम्ही बोटांचं ऐकत नाही. आम्हाला चिमटा लागतो, चिमटा! आहे तुझ्याकडे?"

चिमीनं इकडे पाहिलं. चिमटा नाही. तिकडे पाहिलं. चिमटा नाही. मग पाहिलं स्वतःकडे.

एक नांगी. दुसरी नांगी.

"चिमटा? एक नाही, दोन आहेत!"

कुट्! काढलं एक कुसळ. कुट्! काढलं दुसरं. कुट् कुट् कुट् कुट्!

रंभाकाकू आल्या मोटार बघायला. खाली कुसळांचा ढीग. वर चिमी.

"अहो, उठा! या खेकडीला कळलं, तुम्हाला नाही कळलं!"

काका डोळे चोळत आले. "काय झालं?"

"काल म्हटलं होतं ना, गवतातून गाडी घालू नका? तुम्ही म्हणालात, जवळची वाट आहे. बघा तुमची जवळची वाट! गाडीचं नाक बुजलंय!"

काकांनी डोकं खाजवलं.

काकूंनी अंबाड्यातला आकडा काढला. बसल्या जाळीपुढं. चिमी खालून, काकू वरून. कुट् कुट् कुट्! कुट् कुट् कुट्!

कुसळं निघाली.
वारा शिरला. सूं सूं!
पाणी निवलं. काकांनी हळूच झाकण उघडलं, कमी होतं तेवढं झऱ्याचं भरलं. डबडब डबडब!
इंजिन फिरलं. घर्र घर्र, घर्र घर्र!
चाक हललं. गोल गोल!
आणि दगड...

दगड आला का घरी?

नाही आला! दगडाला पाय असतात का? पडला तसाच रस्त्यात.

चिमी धावली. तुरुतुरु तुरुतुरु, आडवी आडवी. दगडावर चढली. ढकलला. हलेना. ओढला. हलेना. मग दोन्ही नांग्यांनी घट्ट धरून बसली. वर घार. घिर्र घिर्र, अगदी जवळ!

"अगं, बस लवकर!" काका ओरडले. "गाडी निघाली!"

"जा वर सपाटीला. मी दगड उचलून येते."

"राहू दे गं! सगळेच टाकून जातात."

"सगळे टाकतात म्हणून मी टाकू? मागून येणारा आपटेल! मी उचलला, मीच ठेवणार."

काकू वाकल्या. दगडावर चिमी! दगड सोडेचना.

"अगं बया! तुझा होय हा?" काकू म्हणाल्या. "बोलली नाहीस ती! म्हणजे, बोलली असशील. आम्हीच ऐकलं नसेल."

काकूंनी दगड उचलला. चिमीसकट! चालत गेल्या झऱ्यापाशी. ओल्या मातीत भोक दिसलं. त्यावर हळूच ठेवला. जसा होता तसा.

चिमी शिरली आत. सुळ्ळ!

घार गेली उडून. काय करते बापडी!

वरून हॉर्न वाजला. पॉं पॉं! काकू चढ चढून गेल्या. निळी मोटार गेली. घर्र घर्र, घर्र घर्र... दारं खडखड, काचा खडखड... वळणापलीकडे.

आता मोटारी दमत नाहीत. झुम्म करून जातात. झऱ्यापाशी कुणी थांबत नाही. दशमी कुणी सोडत नाही. पण दगड आहे हं अजून, तिथंच.

कधी गेलात त्या घाटानं, तर थांबा. झऱ्याचं पाणी प्या. दगड तेवढा उचलू नका.

आत कुणीतरी राहतं.