हातभर तार

"पण बुवा, आपला आवाज ओढ्याशीच का थांबतो?"

"तिथवरच जायचं ठरलंय म्हणून," बुवा म्हणाले आणि त्यांनी ताकाचा पेला तोंडाला लावला.

जयवंतला हे उत्तर मुळीच पटलं नाही.

कुसवड्याच्या टेकडीवर गोसावीबुवांची मठी होती आणि मठीत, लाडवांच्या रिकाम्या डब्यात बसवलेलं, त्यांचं रेडिओ केंद्र. जोर इतका कमी की कायद्याने परवाना लागू नये. एरियल म्हणून हातभर तार. रोज दिवेलागणीला बुवा माइकपुढे बसत आणि कुणाची शेळी चुकली इथपासून मनाच्या चोरवाटांपर्यंत वाटेल ते बोलत. खालची वाडी घरोघर रेडिओ लावून ऐकायची. ओढ्याशी आलं की आवाज विरून नुसती खरखर.

आता बुवांचा घसा बसू लागला होता. दसऱ्याला माइक दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायचा, असं त्यांनी बोलून दाखवलं होतं. तो आपल्यालाच मिळणार याबद्दल जयवंतला तिळमात्र शंका नव्हती. वक्तृत्वाच्या ढाली ठेवायला त्याच्या घरातलं फडताळ अपुरं पडलं होतं. डबा कसा जुळवायचा हेही तो बुवांकडे शिकला होता. फक्त एवढा मोठा आवाज आणि एवढीशी वाडी, हे दुःख काही त्याच्याने गिळवत नव्हतं.

"तार वाढवली तर सगळा तालुका ऐकेल," तो म्हणाला.

"कायदा हातभर म्हणतो."

"कायद्याला सांगायला कोण जातंय?"

बुवा हसले.

"आज तू बोल," मग ते म्हणाले. "मी ऐकायला जातो."

मठीचा रिवाजच होता तसा. एकाने बोलायचं आणि दुसऱ्याने छोटा रेडिओ कानाशी धरून आवाजाच्या हद्दीपर्यंत चालत जायचं. बोलणाऱ्याला आपण कुठवर पोचलो ते बसल्या जागी कळत नाही.

बुवा उतरणीला लागले, आणि इकडे जयवंतने मठीमागच्या चिंचेच्या शेंड्यापर्यंत तार चढवली.

मग तो बोलला. काय बोलला म्हणता! अहंकार कसा सोडावा, हाच विषय होता. बोलता बोलता त्याचे त्यालाच डोळे भरून आले.

बोलणं संपलं, तरी बुवा परतले नव्हते.

जयवंतला हसू फुटलं. आवाज संपतच नसणार, म्हातारा बिचारा अजून चालतोच आहे! गुरूची दया येऊन तो त्यांना आणायला निघाला. घाईत डबा चालूच राहिला.

ओढ्यापलीकडे मुलाण्यांच्या अंगणात बुवा बसलेले दिसले. शेजारी बाजेवर झुलेखाबी. पाय गेल्यापासून तिचा मुक्काम त्या बाजेवरच असे. तिच्या मांडीवर रेडिओ होता आणि ती त्याला थापट्या मारत होती.

"बुवा, इथवर अगदी स्वच्छ आलो ना मी?"

"अगदी स्वच्छ," बुवा म्हणाले.

झुलेखाबीने मान वर केली. "तूच व्हतास व्हय? गोड बोलतोस, बाबा. पर माजा भाऊ कुठं गेला?"

"कोण भाऊ?"

"चांदभाई," बुवा म्हणाले. "इथेच वरच्या आळीत राहतो. त्याने आणि मी बरोबरच डबे केले, रेडिओच्या एकाच आकड्यावर. मध्ये ओढा आहे, म्हणून एकाचं दुसऱ्याला आडवं येत नाही."

"त्याच्या गुडघ्यांनी दगा दिलाय, खाली उतरता येत न्हाई," झुलेखाबी सांगू लागली. "मला वर जाता येत न्हाई. म्हणून रोज सांजच्याला बोलतो माज्याशी. शिवारात काय झालं, कुणाकडं पाव्हणा आला... आज सगळं तुझंच बोलणं. बरं, तुझं संपलं, तर आता कायच न्हाई. ऐक की."

तिने रेडिओ पुढे केला. जयवंतने कानाला लावला. आत खरखर नव्हती, चांदभाई नव्हता, काही म्हणता काही नव्हतं.

"पण... मी तर केव्हाचा गप्प आहे."

"गप्प आहेस," बुवा म्हणाले. "उठला नाहीस."

आता कुठे जयवंतच्या लक्षात आलं. टेकडीवर डबा चालू होता, चिंचेवर तार होती. कुणी बोलत नसलं तरी चालू डबा तो आकडा अडवूनच धरतो. त्याचं गप्प राहणंसुद्धा त्या म्हाताऱ्या भावाच्या तोंडावर हात ठेवून बसलं होतं. त्याला लाज वाटली, भयंकर लाज वाटली. तो धावत सुटला. ओढ्यात चप्पल वाहून गेली, तिकडे त्याने वळूनही पाहिलं नाही.

डबा बंद केला. तार उतरवली आणि हातभर ठेवून बाकीची कापून टाकली.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला बुवांनी माइककडे बोट दाखवलं, रेडिओ घेतला आणि ते उतरणीला लागले.

जयवंत बोलला. देवळामागे सापडलेली काळी शेळी कुणाची, ते वाडीला विचारलं. खोकणाऱ्या पाटलीणबाईंना काढा घ्यायची आठवण करून दिली. आपली कालची चूकही सांगून टाकली. आवाज चढवावा असं त्याला एकदाही वाटलं नाही. बोलणं होताच त्याने डबा बंद केला आणि पायरीवर येऊन बसला. माइक हातचा गेला, हे त्याने गृहीतच धरलं होतं. तरी मन कसं हलकं झालं होतं.

बुवा आले. त्यांनी सावकाश पाय धुतले.

"कुठे बसला होतात, बुवा?"

"झुलेखाबीच्या अंगणात."

"मग...?"

बुवा आत गेले. माइक उचलला, उपरण्याने पुसला आणि बाहेर आणून त्याच्या हातात ठेवला.

"तुझा एक शब्द ऐकू आला नाही... फार छान बोललास."