कुंभारतळ्याकडची लाईन

संध्याकाळचे पाच वाजून बारा मिनिटे झाली होती, असे सांगतात. मैदान बघायला पाहुणे आले, की माझे चुलतसासरे तातोबा आधी ही वेळ सांगतात आणि मगच पुढे बोलतात. आमच्या मैदानाची तळ्याकडची बाजू चुन्याच्या लाईनीपाशीच संपते. पलीकडे सरळ खोल पाणी. पूर्वी तिथे रुंद बांध होता आणि मॅच बघायला बायका-पोरे त्याच बांधावर दाटीने बसायची.

त्या दिवशी वरली तालीम आणि खालची तालीम या गावातल्या दोन संघांची फुटबॉलची फायनल होती. वरल्या तालमीने सात वर्षे कप बघितला नव्हता. त्यांच्या केरबा शिंगट्याने तर कप येईपर्यंत पायात चप्पल घालायची नाही, असा नेम धरला होता म्हणे. तीन मिनिटे उरली होती, गोल एकही नव्हता. तेवढ्यात चार-पाच पायांच्या झटापटीत बॉल तळ्याकडच्या लाईनीबाहेर गेला.

थ्रो कुणाचा? दोन्हीकडचे हात वर. पंच दत्तोबा मास्तरांच्या डोळ्यावर ऊन आले होते, त्यांना दिसलेच नव्हते. शिट्टी ओठात तशीच राहिली. लोकांनी दगड उचलले. आदल्या वर्षी अशाच थ्रोवरून बांधावर डोकी फुटली होती.

मास्तरांनी विचारले, "शेवटी पाय कुणाचा लागला?"

केरबाने हात वर केला. "माझा, मास्तर."

गोलात त्याचा धाकटा भाऊ म्हादू होता. तो तिथूनच ओरडला, "दादा, खुळा झालास काय? मास्तरांनी बघितलं न्हाई!"

"त्यांनी न्हाई बघितलं. मला लागलेलं मला कळलं की."

"मग हिंड जन्मभर अनवाणी!"

लोक हसले, आणि हसता हसता हातातले दगड खाली पडले. केरबाने बॉल दोन्ही हातांनी उचलून खालच्या तालमीच्या इस्माईल मुल्लाणीला दिला. इस्माईलचा थ्रो थेट गोलासमोर पडायचा, हे केरबाला ठाऊक होते. पण त्यासाठी त्याला लाईनीमागून, बांधावरून दहा पावले धावत यावे लागायचे.

"मावशी, उठा. पोरं घ्या, जागा द्या," इस्माईल म्हणाला.

"तुझ्या थ्रोपायी आमची बैठक मोडली की रं, मेल्या!" म्हणत बायका उठल्या. पोरांना ओढत सगळ्याजणी रस्त्याकडच्या बाजूला गेल्या.

इस्माईल धावत आला. दोन्ही पाय लाईनीवर रोवले, बॉल डोक्यामागून वर घेतला आणि सोडला. त्याच क्षणी, पाच वाजून बारा मिनिटांनी, त्याच्यामागचा बांध खचला. आवाज झाला नाही, असे सांगतात. दमलेली म्हैस बसावी तसा सगळा बांध पाण्यात बसला. इस्माईलच्या टाचेमागे वीतभर जमीन उरली. थ्रो करताना दोन्ही पाय जमिनीवर हवेत असा नियम आहे. त्याने एक पाय जरी उचलला असता, तरी तो मागे गेला असता.

बॉलकडे कुणाचे लक्षच नव्हते. तो कुणालाही न लागता गोलात जाऊन पडला. बायका पोरे मोजत होत्या. एकही कमी नव्हते. त्यांनी पुन्हा मोजली.

बऱ्याच वेळाने मास्तर म्हणाले, "थ्रो बरोबर. पण कुणाला न लागता गेलाय, गोल नाही." आणि मटकन खाली बसून रडले. कुणी वाद घातला नाही.

मॅच तिथेच थांबली. कप कुणीच नेला नाही. पुढे खालच्या तालमीची माणसे चपलांचा नवा जोड घेऊन केरबाच्या दारात गेली. तो म्हणाला, "राहू द्या. पायाला जमीन लागती, तेच बरं हाय."

आजही या लाईनीवर बॉल बाहेर गेला, की ज्याचा पाय शेवटी लागला तो पंचाने विचारायच्या आधी स्वतः हात वर करतो आणि दोन्ही हातांनी बॉल समोरच्याला देतो. तुमच्या ओळखीचे कुणी इथे खेळायला येणार असेल, तर त्याला एवढे नक्की सांगा. आणि बघायला येणाऱ्या आयांनाही सांगा, पोरांना घेऊन रस्त्याकडच्या बाजूलाच बसा म्हणावे.