तासकराचा अर्धा वेळ

“माझा अर्धा वेळ चोरलास तू!” राजे यशोधर सिंहासनावरून गरजले, आणि सटवाजी तासकराने हातातला अर्ज हळूच पाठीमागे नेला.

अर्ज तसा साधाच होता, शिक्षणाची फी मागणारा. सटवाजी राजवाड्याचा तासकर. बुडाला बारीक भोक असलेलं घटिकापात्र पाण्याच्या घंगाळात सोडायचं, ते भरून बुडालं की घटका झाली म्हणून तास ठोकायचा, आणि पात्र पुन्हा सोडायचं. तीस वर्षं हेच चाललेलं. नदीपलीकडच्या विद्यापीठाने दूरच्या लोकांसाठी अर्धवेळ शिक्षण काढलं, जासुदाबरोबर महिन्याच्या महिन्याला धडे येऊ लागले, तेव्हा सटवाजीने शेहेचाळिसाव्या वर्षी आपलं नाव घातलं. जन्मभर दुसऱ्यांना वेळ सांगता सांगता आपली निघून चालली, याचं त्याला मनापासून वाईट वाटत होतं. शिवाय गुरुजी तीन दिवसांच्या वाटेवर, म्हणजे छडी पोचायची नाही, हाही विचार त्याने केला होता.

“आजवर तास ठोकलात, आता तासाला बसणार म्हणे,” त्याची बायको येसू हसत म्हणाली. तोही हसला. आपल्या डोक्यात काही शिरेल अशी त्याला स्वतःलाही फारशी खात्री नव्हती.

पहिल्या वर्षाची फी म्हैस विकून भरली. दुसऱ्या वर्षाचे अठरा रुपये पौर्णिमेच्या आत भरायचे होते, नाहीतर विद्यापीठ नाव कमी करणार होतं. आणि राजांनी तर मागच्या दसऱ्याला भर दरबारात जाहीर केलं होतं, की माझा जो नोकर अर्धवेळ शिकेल त्याची फी दरबार भरेल. तेव्हा वाहवा झाली. कोणी खरोखरच शिकायला लागेल असं मात्र राजांच्या मनात आलं नव्हतं.

“अर्धवेळ शिकतोस, तर हा अर्धा वेळ आला कुठून?” राजे विचारत होते. “पगार मी पुऱ्या दिवसाचा देतो. खरं सांग, धडे कधी वाचतोस?”

खोटं बोलायला हुशारी लागते, आणि ती सटवाजीला आपल्यात कधी आढळली नव्हती. “पात्र भरेपर्यंत, महाराज. एक डोळा पात्रावर, एक धड्यावर.”

“म्हणजे चोरी कबूल! उद्या दरबारात माझा अर्धा वेळ आणून इथे पुढ्यात ठेव. नाही आणलास तर फी नाही, आणि नोकरीही नाही.”

सटवाजी तोंड पाडून घरी आला. “वर्षभराचा अर्धा वेळ परत मागतायत,” तो म्हणाला. “आणायचा कुठून? आणि न्यायचा कशात, मडक्यात?”

“त्या धड्यांत काही आहे का बघा,” येसू म्हणाली. “माझी म्हैस गेलीय त्यांच्यापायी.”

त्याने व्याकरणाचे धडे काढले, बोट ठेवून ठेवून वाचू लागला. एका पानावर बोट थांबलं, आणि तो एकटाच हसत सुटला. येसूला वाटलं, झालं, शिक्षण डोक्यात गेलं.

दुसऱ्या दिवशी तो रिकाम्या हातांनी दरबारात उभा राहिला.

“आणलास माझा वेळ?”

“आणतो की, महाराज. फक्त कोणता आणायचा ते कळू दे. माझ्या नेमणुकीची सनद वाचायला सांगावं.”

सनद राजांनीच सांगून लिहवून घेतलेली होती. दिवाण नारोपंतांनी ती काढून वाचली. “सटवाजी तासकर याने घटका भरताच तास ठोकून राजवाड्यास वेळ द्यावी.”

“द्यावा का द्यावी, पंत?”

“द्यावी.”

“नीट बघावं. काना आहे का वेलांटी?”

नारोपंतांनी कागद नाकापर्यंत नेला. “वेलांटी आहे. दुसरी. चांगली ठसठशीत.”

“महाराज, आपल्या बोलण्यात वेळ दोन आहेत,” सटवाजी म्हणाला. “पात्र बुडायला लागतो, तो वेळ. बुडाल्यावर येते, ती वेळ. सनदेत ‘द्यावा’ असता तर माझा सगळा दिवस सरकारचा होता, आणि मी चोर होतो. पण लिहिलंय ‘द्यावी’. ती देतो मी. एखादी द्यायची राहिली असेल तर दाखवावी, आत्ता भरून देतो. तो वेळ सरकारने माझ्याकडे कधी मागितलाच नव्हता. मग मी चोरू कसा?”

राजे बोटांवर मोजू लागले. “तो वेळ… ती वेळ… पंत, याने कधी तास चुकवलाय?”

“नाही, महाराज. आपलं स्नान, जेवण, दरबार, सगळं याच्या ठोक्यावर चालतं.”

राजांच्या ओठांचा कोपरा हलला. “हे विद्यापीठात शिकवतात?”

“व्याकरणाच्या चौथ्या धड्यात आहे.”

“मग व्याकरणात पहिलाच आला असशील तू.”

सटवाजी आपल्या पायाच्या अंगठ्याकडे बघू लागला. “नापास झालो, महाराज.”

“काय?”

“परीक्षा तिथे जाऊन द्यायची असते. रजा काढून गेलो. तिथला तास दुसऱ्याने ठोकला. आता तीस वर्षांची खोड, दुसऱ्याने ठोकलेला तास मला चुकीचाच वाटतो. म्हटलं, हा गडी घाईत दिसतोय, अजून बराच अवकाश आहे. बसलो वडाखाली भाकरी खात. आत गेलो तर कागद गोळा करत होते.” त्याने मान वर केली. “महाराजांची एकही वेळ मी चुकवली नाही. माझी एकच होती, ती चुकली.”

राजे इतके हसले, इतके हसले, की मुकुट सावरायला त्यांना दोन्ही हात लागले. नारोपंतही सनदेआड तोंड लपवून हसत होते.

“पंत,” राजे डोळे पुसत म्हणाले, “याची शेवटपर्यंतची सगळी फी भरून टाका. राहिलेल्या व्याकरणाचीसुद्धा. आणि परीक्षा आली, की याला चार दिवस आधीच पालखीत घालून तिथे नेऊन बसवा.”